‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल’ करून घ्यावी का?

इंदूरच्या पलासिया-गीताभवन पट्ट्यात पॅथॉलॉजी लॅबना तोटा नाही. त्यातल्या एकीने (नाव देत नाही, अशी पॅकेजं इतरही विकतात) फुल बॉडी चेकअपच्या जोडीला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल’ काढली आहे. रक्तातलं एमडीए (चरबीच्या नुकसानीची खूण), एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता, एसओडी (बचाव करणारं एन्झाइम), ग्लुटाथायोन (पेशीतलं स्वतःचं अँटिऑक्सिडंट), लघवीतलं एट-ओएचडीजी (डीएनएच्या नुकसानीची खूण), आणि या सगळ्यांवरून काढलेला शंभरपैकी एक ‘स्कोअर’. सुदामानगर-राजेंद्रनगरकडच्या मराठी ग्रुपांवर तिचं पत्रक फिरतंय, म्हणून हे सविस्तर.

सेवेबद्दल तक्रार नाही. माणूस वेळेवर येतो, सुई तुमच्यासमोर फोडतो, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. घोळ आकड्यांचा आहे.

पत्रक म्हणतं, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे लोखंडाला गंज चढतो तसा तो पेशींना चढणं. हे अर्धवट आहे. मायटोकाँड्रियात ऊर्जा तयार होत असताना काही इलेक्ट्रॉन मधेच निसटतात, मुख्यतः ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतल्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रथिनसमूहापाशी (कॉम्प्लेक्स), आणि ऑक्सिजनला चिकटून सुपरऑक्साइड बनतं. एसओडी त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करून टाकतात. ही साखळी तुंबली आणि तिथे मोकळं लोह असलं, की पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. खरा उपद्रवी हाच. जिथे जन्मतो तिथेच समोर येईल त्याला भिडतो, मग ती पेशीपटलातली चरबी असो, प्रथिन असो की डीएनए. मधुमेहात डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि नसा आधी का जातात, याचं एक कारण इथे आहे: या पेशींना रक्तातली चढी साखर आत येण्यापासून नीट अडवता येत नाही आणि त्यांच्या मायटोकाँड्रियातून सुपरऑक्साइड जास्त सुटतं.

पण हेच सुपरऑक्साइड पांढऱ्या पेशी जंतू मारायला मुद्दाम तयार करतात. ते करणारं एन्झाइम जन्मतःच बिघडलेलं असेल तर मुलाला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज होतो आणि एकामागून एक जंतुसंसर्ग होत राहतात. तेव्हा हा ‘स्ट्रेस’ शून्यावर आणायचा असतो, ही समजूत आधी सोडा.

आता पॅकेजमधली सगळ्यात आकर्षक तपासणी, एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता. ती बहुधा फ्रॅप पद्धतीने होते: रक्तद्रव फेरिक लोहाचं फेरस किती करतं ते निळ्या रंगावरून, 593 नॅनोमीटरला मोजायचं. पद्धत 1996 पासूनची, साधी आणि स्वस्त. गंमत अशी की रक्तद्रवाच्या या आकड्यातला साधारण साठ टक्के वाटा एकट्या युरिक अ‍ॅसिडचा असतो. म्हणजे गाउटने अंगठा सुजून ठणकतोय, युरिक अ‍ॅसिड नऊवर गेलंय, अशा माणसाची ‘क्षमता’ रिपोर्टात झकास दिसणार. मूत्रपिंड मंदावलेल्या रुग्णाचीही तशीच. ग्लुटाथायोन तर या पद्धतीत जवळपास मोजलंच जात नाही. युरिक अ‍ॅसिडची साधी तपासणी यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आणि तिचं काय करायचं हे डॉक्टरांना ठाऊक असतं.

ट्यूबकडेही लक्ष द्या. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं आणि ते लोहाला धरून ठेवतं. एमडीएसाठी हे चांगलंच. फ्रॅपमध्ये मात्र लोहाचीच प्रक्रिया मोजायची असल्याने ईडीटीए तिथे चालत नाही. त्यासाठी सीरम किंवा हिरव्या झाकणाची हेपॅरिन ट्यूब लागते. घरी आलेल्या माणसाने एकच जांभळी ट्यूब भरली आणि निघाला, तर तो आकडा कशावरून आला हे लॅबला जरूर विचारा.

एमडीए म्हणजे चरबीच्या ऑक्सिडीकरणातून उरणारा तुकडा. थायोबार्बिट्युरिक अ‍ॅसिड घालून 95 अंशांवर तापवतात, गुलाबी रंग येतो, तो 532 नॅनोमीटरला वाचतात. अडचण तापवण्यातच आहे: नमुन्यातली शाबूत चरबी त्या भांड्यातच ऑक्सिडाइज होते आणि तुमच्या खात्यावर जमा होते. म्हणून आधी बीएचटी हे ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन घालावं लागतं. शिवाय साखर, बिलिरुबिन, फुटलेल्या लाल पेशींचं हिमोग्लोबिन हेही रंगात भर घालतात. त्यामुळे नुसत्या रंगावर काढलेला आकडा एचपीएलसीने वेगळं करून मोजलेल्या आकड्यापेक्षा बराच मोठा येतो, आणि दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून काहीही कळत नाही. शनिवारी रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद)-जिलबी हाणून रविवारी सकाळी सात वाजता रक्त दिलं, तर दुधाळ सीरमवर रंग वाचणं आणखी बेभरवशाचं. बारा तासांचा उपास हवाच. आदल्या दिवशी दमछाक होईल असा व्यायाम नको. नमुना लगेच तपासायचा नसेल तर उणे 80 अंशांत ठेवावा लागतो. स्कूटरच्या डिकीतल्या बर्फाच्या पिशवीत तो दुपारपर्यंत शहरभर फिरवायचा नसतो.

सगळ्यात नाजूक ग्लुटाथायोन. ते जवळजवळ सगळं लाल पेशींच्या आत असतं. पूर्ण रक्तात मिलिमोलरच्या घरात, रक्तद्रवात मायक्रोमोलर. रिपोर्टात ‘पूर्ण रक्त’ की ‘प्लाझ्मा’ हे छापलेलं नसेल तर तो आकडा रद्दीत टाकावा. रक्त काढताना थोड्या पेशी फुटल्या तरी प्लाझ्माचा आकडा उडी मारतो. ऑक्सिडाइज झालेलं रूप निरोगी रक्तात एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं, पण प्रथिनं काढायला आम्ल घातलं की चांगलं ग्लुटाथायोन तिथल्या तिथे ऑक्सिडाइज होतं. ते टाळायचं तर रक्त काढताक्षणी एन-एथिलमॅलेइमाइड घालावं लागतं. घरी येणाऱ्याच्या पेटीत ते असतं का, हे विचारलं तर समोरून बहुधा शांतताच मिळेल.

एसओडीचा आकडा हिमोग्लोबिनच्या ग्रॅममागे दिलेला असावा, आणि जास्त म्हणजे चांगलं असा त्याचा अर्थ नाही. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत असल्याने तो दीडपटीच्या आसपास असतो. त्याने कुणाचं भलं होत नाही. एट-ओएचडीजी लघवीतल्या क्रिएटिनिनच्या प्रमाणात दिलं असेल तरच वाचा. एलायझाचे (अँटिबॉडी वापरून मोजण्याची पद्धत) आकडे मास स्पेक्ट्रोमेट्रीपेक्षा (रेणू वजनावरून ओळखण्याची पद्धत) चढे येतात. चरबीच्या नुकसानीचं भरवशाचं माप म्हणजे एफ-टू आयसोप्रोस्टेन, 1990 पासून माहीत असलेलं. ते या पॅकेजात नाही, कारण त्याला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो.

शंभरातल्या स्कोअरबद्दल काय लिहायचं? निरोगी माणसासाठी सर्वमान्य मर्यादाच ठरलेल्या नाहीत, मग पासष्ट म्हणजे काय हे कोण सांगणार.

खरी गोम रिपोर्टाच्या शेवटच्या पानावर आहे: अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची शिफारस, तिथेच सवलतीत. 1994 मध्ये फिनलंडच्या 29,133 पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी वाढला. 2011 मध्ये रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्के जास्त आढळला. 2009 च्या एका जर्मन प्रयोगात व्हिटॅमिन सी 1000 मिलिग्रॅम आणि ई 400 युनिट घेतल्यावर व्यायामाने इन्सुलिनवर होणारा फायदाच पुसला गेला, कारण स्नायूंना सुधारण्याचा निरोप त्याच रॅडिकलांकडून मिळतो. सिगरेट ओढणाऱ्या घरच्या माणसाला ही कॅप्सूल कौतुकाने आणून देऊ नका.

पाचांपैकी दीड गुण. एक वेळेवर येण्याचा, अर्धा नीट छापलेल्या रिपोर्टचा. त्याच पैशांत एचबीएवनसी, लिपिड, क्रिएटिनिन, युरिक अ‍ॅसिड आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) करून घ्या. फेरिटिन फार चढलेलं असेल तर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. वर म्हटलेलं मोकळं लोह पकडायचा व्यवहारी मार्ग तोच.

या विषयातली एक तपासणी मात्र खरोखर उपयोगाची आहे, आणि पॅकेजात ती नेमकी नाही: जी-सिक्स-पीडी. हे एन्झाइम कमी असलं तर लाल पेशीला ग्लुटाथायोन परत ताजं करता येत नाही, आणि प्रायमाक्विनसारखं औषध पोटात गेलं की पेशी धडाधड फुटतात. लघवी काळपट होते, डोळे पिवळे पडतात. व्हायवॅक्स मलेरियात हे औषध चौदा दिवस देतात, म्हणून ते सुरू करण्याआधी ही तपासणी मागून घ्या. शिरेतून व्हिटॅमिन सीचे मोठे डोस देणाऱ्या ‘ग्लो’ क्लिनिकमध्ये जाणाऱ्यांनीही. पेशी फुटण्याचा झटका नुकताच येऊन गेला असेल तर लगेच करू नका: जुन्या पेशी गेलेल्या असतात, नव्या कोवळ्या पेशींत एन्झाइम भरपूर असतं आणि रिपोर्ट खोटाच नॉर्मल येतो. तीनेक महिने थांबून पुन्हा करावी.