कंकाल स्नायूपेशीचं मॉडेल: सुटा रायबोसोम उत्तम, पेशीतले मणी मात्र चुकीच्या जागी

या संचात दोन वस्तू येतात: स्नायूपेशीचा आडवा-उभा छेद आणि त्यासोबत मोठा करून दाखवलेला, सुटा होणारा एक रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र. खरी किंमत वसूल होते ती या रायबोसोमवर.

४०एस आणि ६०एस हे भाग चुंबकांनी जुळतात आणि ८०एस तयार होतो. (बेरीज शंभर का नाही, हे मुलं हमखास विचारतात. एस हे वजनाचं नव्हे, तळाशी बसण्याच्या वेगाचं माप आहे.) लहान भागात १८एस आरएनए, मोठ्यात २८एस, ५.८एस आणि ५एस, प्रत्येकाचा रंग वेगळा. जुळवताना क्रम पाळा: लहान भागाच्या पी खाचेत पहिला टीआरएनए (अमिनो आम्ल आणून देणारा रेणू), मग एमआरएनएची (प्रथिनाचा संदेश वाहणाऱ्या रेणूची) पट्टी, शेवटी मोठा भाग. मोठा भाग आधी चिकटवला तर पट्टी आत जातच नाही, आणि हे अगदी योग्य आहे; पेशीतही मोठा भाग शेवटीच येतो. पुढचे टीआरएनए ए, पी, ई या खाचांतून अलगद सरकतात.

पेशीच्या छेदात मात्र गंभीर चूक आहे. सार्कोप्लाझमिक रेटिक्युलमवर रायबोसोमचे मणी चिकटवलेत. ही जाळी कॅल्शियम साठवते आणि ती गुळगुळीत, म्हणजे रायबोसोम नसलेली असते. अ‍ॅक्टिन, मायोसिन ही आकुंचन घडवणारी प्रथिनं पेशीतच वापरायची असतात, म्हणून ती बनवणारे रायबोसोम मोकळे असतात: मायोफायब्रिलच्या (पेशीतल्या आकुंचन पावणाऱ्या तंतूंच्या) फटींत, केंद्रकांभोवती, पेशीपटलाच्या लगेच खाली. ते मणी खरवडून तिथे लावा.

मापही फसलंय. मॉडेलमधला मायोफायब्रिल १० सेंटिमीटर जाड आहे. खरा साधारण १ मायक्रोमीटर असतो आणि रायबोसोम २५ ते ३० नॅनोमीटरचा. म्हणजे मणी जेमतेम ३ मिलिमीटरचा हवा. दिलाय १ सेंटिमीटरचा. इतके जाड मणी फटींत मावत नाहीत, म्हणूनच बहुधा जाळीवर गेले असावेत.

शिवाय सगळे मणी एकेकटे आहेत. मायोसिनच्या जड साखळीत सुमारे १,९४० अमिनो आम्लं असतात. तिच्या लांबलचक एमआरएनएवर एकाच वेळी पन्नासच्या आसपास रायबोसोम काम करू शकतात. बारीक मणी दोऱ्यात ओवून अशी एक माळ फटीत ठेवली, तर पॉलिसोम, म्हणजे एकाच एमआरएनएवरची रायबोसोमची रांग, चटकन समजतो.

तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) आतून कोऱ्या आहेत. त्यांचे स्वतःचे ५५एस रायबोसोम १३ प्रथिनं बनवतात. आत रंगाचे चार ठिपके दिले तरी पुरे.

रायबोसोम वेगळा मिळत असेल तर तेवढाच घ्या.