साठवणीच्या धान्यासाठी हवाबंद कोठ्या आणि ऑक्सिजन अ‍ॅब्सॉर्बर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

कोथरूडमधल्या आमच्या घरी वर्षाचे गहू, ज्वारी, तांदूळ आणि कडधान्ये उन्हाळ्यातच भरली जातात. गेल्या उन्हाळ्यात मार्केट यार्डच्या भुसार विभागातून आणलेल्या धान्याचे आम्ही दोन भाग केले. चालू वापराचे धान्य झाकणाला रबर आणि खटका असलेल्या स्टीलच्या कोठ्यांत ठेवले, तर दिवाळीनंतर लागणारे धान्य अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेल्या जाड पिशव्यांत ऑक्सिजन अ‍ॅब्सॉर्बरच्या, म्हणजे आतला ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या, पुड्या घालून बंद केले. पावसाळा आणि थंडी उलटल्यावर माझे मत ठाम झाले आहे की अख्ख्या धान्यासाठी व डाळींसाठी या पिशव्यांवरचा खर्च वसूल होतो, पिठासाठी मात्र त्यांचा उपयोग फार थोडा आहे.

सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते, भोक बुजवून टाकते आणि अळी दाण्याच्या आतच वाढते; त्यामुळे चाळून, निवडून स्वच्छ दिसणाऱ्या गव्हातही श्रावणात अचानक किडे फिरू लागतात. कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला बाहेरून येणाऱ्या किडीला काहीसा दूर ठेवतो, पण आतल्या अंड्यांपुढे त्याचे काही चालत नाही. पुडीतली लोखंडाची भुकटी गंजताना पिशवीतला ऑक्सिजन ओढून घेते आणि दाण्यातल्या किडीलाही जगता येत नाही. पाऱ्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आजही काही घरांत धान्यात ठेवल्या जातात, त्या कृपा करून ठेवू नयेत. फॉस्फाइडच्या गोळीतून हवेतल्या ओलाव्यामुळे सुटणारा फॉस्फीन वायू बंद फ्लॅटमध्ये जीव घेऊ शकतो.

पुडी किती मोठी घ्यावी, याचा हिशेब सोपा आहे. भरलेल्या गव्हात दाण्यांमधली पोकळीच साधारण ४० टक्के असते. त्यामुळे पाच किलोच्या पिशवीत, वरची थोडी मोकळी जागा धरून, साडेतीन लिटरच्या आसपास हवा राहते. तिच्या २१ टक्के म्हणजे सुमारे पाऊण लिटर ऑक्सिजन. म्हणून मी ५०० सीसीच्या, म्हणजे प्रत्येकी अर्धा लिटर ऑक्सिजन शोषणाऱ्या, दोन पुड्या घालते. पाकीट उघडताच पुड्या कामाला लागतात, तेव्हा पिशव्या आधी भरून ठेवाव्यात आणि उरलेल्या पुड्या लगेच घट्ट झाकणाच्या लहान काचेच्या बरणीत टाकाव्यात. पिशवीचे तोंड लाकडी पट्टीवर धरून कपड्यांच्या इस्त्रीने नीट चिकटते. हवा दाबून काढलेली पिशवी दुसऱ्या दिवसापर्यंत आत ओढली जाते, आणि हरभऱ्याच्या पिशवीवर हात फिरवला तर एकेका दाण्याचे टोक बोटाला लागते. जी पिशवी सैल राहील ती पुन्हा बंद करावी किंवा आधी वापरावी. साखर आणि मिठाला मात्र ही पुडी नको, दोन्हींचा दगड होतो.

या सगळ्याआधी धान्य कोरडे असणे आवश्यक आहे, आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात नेमक्या यावरच जेमतेम दोन ओळी असतात. गव्हातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. शंका असल्यास कोरड्या बरणीत मूठभर धान्य आणि कोरडे मीठ घालून हलवावे, मीठ बरणीच्या आतल्या बाजूला चिकटले तर धान्य ओलसर आहे. गच्चीवर वाळवलेले धान्य गरम असतानाच भरू नये, कारण त्याला आतून घाम सुटतो. रात्रभर घरात पसरून ते निवू द्यावे. ओल असलेल्या कोणत्याही पदार्थाला ऑक्सिजन शोषणारी पुडी घालूच नये, कारण हवेविना वाढणाऱ्या घातक जिवाणूंना त्यातून मोकळे रान मिळते.

पिठाचे गणित वेगळे आहे. बाजरी दळली की तिच्यातली स्निग्धता आणि ती फोडणारे विकर (एन्झाइम) एकत्र येतात, आणि या विकरांना कामासाठी ऑक्सिजन लागतच नाही. म्हणून पुडी घालूनही बाजरीचे पीठ काही दिवसांत कडवट लागू लागते. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. कोंड्यासह दळलेली कणीकही खवट होतेच. पुण्यात जवळपास प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गिरणी असताना दहा-पंधरा दिवसांचेच दळण आणणे सर्वांत चांगले. पावसाळ्यात जास्तीचे पीठ ठेवावेच लागले तर ते घट्ट डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवते, आणि डबा बाहेरच्या हवेइतका कोमट झाल्याशिवाय उघडत नाही.

स्टीलच्या कोठ्या रोजच्या वापराला उत्तम आहेत, मात्र झाकणाच्या खाचेत पिठाची पूड बसली की रबर नीट टेकत नाही. प्रत्येक वेळी कोरड्या फडक्याने खाच पुसावी लागते. उंदीर पिशव्या कुरतडू शकतात, म्हणून बंद केलेल्या पिशव्याही मी कोठीतच ठेवते. आमच्या एका कोठीचे रबर थंडीत कडक झाले, आणि ती बनवणारी कंपनी सुटे रबर देत नाही. नवी कोठी घेताना सुटे रबर मिळते का, हे मी आधी विचारणार आहे.