रक्त तपासायला अ‍ॅप की गल्लीतली लॅब?

वहिनी, रेटचं सोडा, माहिती कुठे जाते ते बघा. अ‍ॅपला नाव, मोबाइल, पत्ता, जन्मतारीख सगळं लागतं, रिपोर्ट त्यांच्या सर्व्हरवर पडून राहतो आणि 'ऑफर्स'ची टिक बऱ्याचदा आधीच मारलेली असते, ती आठवणीने काढा. लॅबवाला कमी विचारतो, पण काउंटरवर रिपोर्टांचा गठ्ठा उघडाच, कुणीही चाळावा, वर व्हॉट्सअ‍ॅप चुकीच्या नंबरवर गेलं की संपलंच. डिलीट करायचं तर २०२३च्या डेटा कायद्यात तसा हक्क आहे, अ‍ॅपला निदान ईमेल टाकता येतो, लॅबच्या रजिस्टरचं पान कोण फाडणार!

शुगर, थायरॉइडला अ‍ॅप बिनधास्त. एचआयव्हीसारखं काही असेल तर सरळ सरकारी हॉस्पिटलातलं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्र, तिथे फुकट होतं आणि गुप्तता २०१७च्या एचआयव्ही कायद्याने बंधनकारक आहे.