मास्तरांची वॅगन आर: नऊ महिन्यांनंतर

गाडी सेकंडहँड, एमएच १०, म्हणजे सांगलीची. साताऱ्यात आणायची म्हटल्यावर घरी पहिला प्रश्न एकच, पुरातली नाही ना? २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती आणि तिथं धोक्याची पातळी ४५ आहे, त्यामुळे प्रश्न बरोबरच होता. मी तयारीनं गेलो. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून गाळाची रेघ दिसते का बघितलं, कार्पेट उचलून वास घेतला, सीटच्या रुळांवर टॉर्च मारला. सगळं कोरडं ठाक. "मास्तरांची गाडी आहे, खडासुद्धा लागलेला नाही," एजंट म्हणाला. २०१४ ची पेट्रोल वॅगन आर २ लाख ३५ हजाराला घेऊन आलो. पुराच्या नादात बॉनेट उघडून नीट बघायचं तेवढं राहून गेलं.

पहिले दोन आठवडे मजेत गेले. मग एका लग्नासाठी चार दिवस गाडी गोडोलीत उभी राहिली. परत येऊन सेल्फ मारला तर नुसतं 'टक'. नवीन बॅटरी घ्यायला निघालो होतो, शेजारच्या इलेक्ट्रिशियननं थांबवलं. त्यानं चावी काढून मल्टिमीटर लावला तर ४०० मिलीअँपिअर चालू! बंद गाडीला ५० च्या आत हवा. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी या हिशेबानं साडेतीन-चार दिवसांत मोकळी. शोधता शोधता ड्रायव्हर सीटखाली म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर सापडला. वूफर काढून नेला, हा मात्र तसाच, आणि त्याची चालू-बंदची वायर थेट बॅटरीच्या प्लसला जोडलेली. बिचारा रात्रंदिवस जागा होता. त्याच्या वायरवरचा फ्यूज उडत असावा, कारण फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा वेढा होता. बॅटरी उतरली हे नशीबच म्हणायचं, सीटखाली आग लागली असती.

खरा मनस्ताप इंजिनाचा. गाडी १३ च्या वर ॲव्हरेज देईना. डिसेंबरात पहाटे महाबळेश्वरला गेलो, हिटर लावला तर कोमट वारा. पुण्याहून येताना खंबाटकी चढलो तरी तेच. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा पाचशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर मोबाईलला जोडला. हायवेला इंजिन थंड ठेवणारं कूलंट ६० अंशांवर अडकलेलं, जिथं ८५-९० दिसायला हवं. रेडिएटरचा फॅन चावी फिरवल्यापासून घरघरत असायचा, मला वाटायचं या मॉडेलला असंच असतं!

वाढे फाट्याच्या मिस्त्रींनी होज काढून हाऊसिंग उघडलं. इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा थर्मोस्टॅटच नाही. आत पाणी चहाच्या रंगाचं. त्यांनी लावलेली साखळी मला पटली. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलं, क्षार बसून रेडिएटर चोंदला. गाडी तापायला लागली. त्यात फॅन चालू-बंद करणारा रिले गेला, तो बदलण्याऐवजी कुणीतरी फॅन डायरेक्ट केला, म्हणजे चावीबरोबर कायम चालू. तरी तापतेय म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला. तापणं थांबलं, पण आता इंजिन कधी पुरतं गरमच होईना. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी अजून थंड आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. हिटरला तर गरम पाणीच मिळत नाही.

नवा रेडिएटर, थर्मोस्टॅट, रिले, सिस्टिम दोनदा धुऊन कूलंट, फॅनची वायरिंग मूळपदावर. सगळं मिळून ७,४०० रुपये. आता यवतेश्वर घाट एसी लावून चढते आणि ॲव्हरेज १८ येतंय. न राहवून मास्तरांना फोन लावला.

"सर, हिटर चालत नव्हता, कधी लक्षात आलं नाही का?"

"हिटर? अहो, सांगलीत हिटर कशाला लावतंय कोण!"

यावर काय बोलणार? माणूस सज्जन आहे. जे काही केलं ते गॅरेजवाल्यानं, यांनी फक्त "चालू करून दे" म्हटलं असणार.

कागदांचं थोडक्यात. कर्ज फिटलेलं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. तो काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) मिळवायला दोन वेळा सांगली झाली. दोन ई-चलानं निघाली, ती मास्तरांनी मुकाट्यानं भरली. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो मालकाचा असतो, हे मला हप्ता भरताना कळलं. स्टेपनीच्या टायरवर २२१४ छापलंय, म्हणजे २०१४ चा बाविसावा आठवडा. तो लगेच बदलला. मागचं डावं दार आतून उघडत नव्हतं, लॉक खोलायला घेतलं तर नुसता चाइल्ड लॉक लावलेला निघाला. ही चूक माझीच.

सध्या डावीकडचा मॅट ओला होतोय. आधी एसीच्या पाइपवर संशय घेतला. पण एसी न लावता रात्रभर पावसात उभी केली तरी सकाळी तळं. वायपरखालची जाळी काढली तर पाणी जायच्या भोकात कडुनिंबाची पानं, कुजून काळी झालेली. आमच्या गल्लीत कडुनिंब नाही, मास्तरांच्या दारात आहे. मूठभर काढली, अजून आत बोटाला लागतायत. रविवारी तार घालून बघतो.