कुळागरातल्या पंपाचा मोबाइल अलार्म: राखण किती करतो?

गोव्यातल्या फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण इथली कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा, बहुतेक करून ओहळाच्या कडेला, खोलगट जागेत. घर वर, पंप खाली आणि मधे पोफळींची दाट राई. रात्री खाली कोण उतरलं ते घरात कळत नाही. चोराच्या हाती तिथे सगळ्यात सहज लागते ती मोटारीची केबल. तीन तारांच्या 4 चौरस मिलिमीटर केबलमध्ये मीटरमागे साधारण 107 ग्रॅम तांबं असतं. 60 मीटर केबल ओढून नेली की जवळपास साडेसहा किलो तांबं गेलं. त्यासाठी एक कोयता आणि एक पोतं पुरतं. मालकाचं नुकसान मात्र तांब्याच्या भावात मोजता येत नाही. बोअरमधली मोटार वर काढा, नवी केबल आणा, जॉइंट करा, मजूर शोधा, आणि हे सगळं नेमकं मार्च-एप्रिलात झालं तर पाण्याविना पोफळीची कोवळी फळं गळायला लागतात.

यावर उपाय म्हणून ‘केबलचोरी अलार्म’ असलेले मोबाइल स्टार्टर विकले जातात. पंप फोनवरून चालू-बंद करणं हे त्यांचं मुख्य काम, अलार्म ही जोडसोय. या परीक्षणात फक्त त्या जोडसोयीचा विचार केला आहे.

आतली युक्ती सोपी आहे. मोटार बंद असताना यंत्र स्टार्टरच्या पुढच्या तारांतून अगदी कमी दाबाचा प्रवाह सोडून ठेवतं. तो केबलमधून मोटारीच्या वाइंडिंगपर्यंत जाऊन परत येतो. कुठेही तार तुटली की वाट खंडित होते आणि यंत्र नोंदवलेल्या नंबरांवर फोन लावतं. तेव्हा राखण होते ती स्टार्टर ते मोटार एवढ्याच पट्ट्याची. खांबापासून स्टार्टरपर्यंतची केबल कापली तर यंत्राला ते फक्त ‘वीज गेली’ असं दिसतं, आणि विजेच्या लपंडावाची सवय झालेला माणूस तो मेसेज न वाचताच बाजूला सारतो. मोटार चालू असताना केबल कापली, तर काही यंत्रं ‘ड्राय रन’ (पंप पाण्याविना चालतोय) किंवा ‘फेज गेला’ एवढंच कळवून गप्प बसतात. विकत घेण्याआधी विक्रेत्याला हे दोन प्रश्न विचाराच.

मोठ्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटार आधी कमी, मग पूर्ण जोराने चालवणारा) असेल तर विहिरीकडे दोन केबली जातात. यंत्र त्यातल्या एकीवरच लक्ष ठेवत असेल तर दुसरी बेवारस. स्टार्टरच्या पुढे कपॅसिटर जोडलेला असेल तिथेही चाचणी घेतल्याशिवाय अलार्मवर भिस्त ठेवू नये.

आता सिम. जिओचं जाळं फोरजी-फाइव्हजीचं आहे, त्यामुळे जुन्या टूजी मॉड्यूलच्या यंत्रात जिओचं सिम चालत नाही. दुसऱ्या कंपनीचं टूजी घळीत पोचतं का, ते साध्या बटणांच्या फोनमध्ये सिम घालून पंपाच्या खोलीतच उभं राहून बघा, वर अंगणात नव्हे. जमत असेल तर फोरजी मॉड्यूलचंच यंत्र घ्या. चिऱ्याच्या भिंती आणि पत्र्याचं छप्पर असलेल्या खोलीत छोटी अँटेना कुचकामी ठरते. तीन मीटर वायरची अँटेना घेऊन छपराच्या वर काढावी. सिमचा पिन काढून टाकावा, नाहीतर वीज जाऊन आली की यंत्र पिनसाठी अडून बसतं. आणि रिचार्जची मुदत. अलार्म वाजला नाही अशा तक्रारीत सर्वांत आधी तपासायची गोष्ट हीच. पंप बंद तर रिचार्ज कशाला, असा हिशोब पावसाळ्यात होतो आणि सिम बंद पडतं.

पावसाळ्याची गोष्ट एवढ्यावर संपत नाही, कारण खरं खिंडार तिथेच आहे. जूनपासून पंपाची गरज नसते, म्हणून मेन स्विच पाडून ठेवतात. यंत्र मग आतल्या बॅटरीवर येतं. बॅटरी 1.2 अँपिअर-तासांची आणि यंत्राचा खप 50 मिलिअँपिअर धरला, तर कागदावर 24 तास मिळतात. जुनी बॅटरी त्याच्या निम्म्यानेही पुरत नाही. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चार महिने कुळागर उघडं. वायरमनकडून यंत्राच्या सप्लायला वेगळा एमसीबी (छोटा सर्किट ब्रेकर) बसवून घ्या आणि मोटारीचा एमसीबी काँटॅक्टरच्या, म्हणजे मोटारीला वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्टार्टरमधल्या स्विचच्या, आधी ठेवा. पावसाळ्यात मोटारीचा एमसीबी पाडायचा, यंत्राचा चालू ठेवायचा. पाळत काँटॅक्टरच्या पुढच्या तारांवर असते, त्यामुळे ती चालूच राहते.

यंत्र सतत विजेवर ठेवलं की मे आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटाची धास्ती येते. विजेचा अचानक आलेला झोत जमिनीत सोडणारा सर्ज प्रोटेक्टर हवाच, पण अर्थिंग धड नसेल तर तो नुसता शोभेचा. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात इतकी कोरडी होते की उथळ सळीला अर्थिंग म्हणण्यात अर्थ नाही. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ, आणि एप्रिल-मेमध्ये त्यात अधूनमधून पाणी. पेटीच्या केबलच्या भोकांना ग्लँड (केबल घट्ट धरणारी कडी) लावा, उरलेली फट सीलंटने बुजवा. पाली आणि मुंग्या आत शिरल्या की काँटॅक्टर अडकतो आणि कार्डावर (सर्किट बोर्डावर) शॉर्ट होतो.

खोट्या अलार्मचं कारण बहुधा विहिरीजवळचा जॉइंट असतो. ओल शिरून तार हिरवी पडली की वाट मधेच तुटते, मधेच जुळते. सलग काही रात्री असा फोन आला की माणूस रिंगटोन बंद करून टाकतो आणि यंत्र असून नसल्यासारखं होतं. म्हणून यंत्र बसवतानाच जुना जॉइंट कापून नवा करून घ्यावा.

बसवल्यावर चाचणी वायरमनसमोरच घ्या. मोटारीचा एमसीबी पाडा, विहिरीजवळच्या जोडपेटीत एक तार सोडवा, फोन किती सेकंदांत येतो ते बघा. मग यंत्राचाही सप्लाय बंद करून बॅटरीवर तेच पुन्हा करा. शेवटी सप्लाय रात्रभर बंद ठेवून सकाळी तिसऱ्यांदा. या तिसऱ्या चाचणीत बॅटरीची खरी ताकद कळते.

नुसता फोन पुरत नाही. केबल कापायला दोन मिनिटं लागतात, घरातून खाली उतरायला त्याहून जास्त. यंत्राला सायरन जोडता येत असेल तर जोडा आणि तो पेटीजवळ न ठेवता उंचावर, हात पोचणार नाही असा बसवा. दुसरा नंबर शेजारच्या कुळागरवाल्याचा द्या. अंधारात एकट्याने खाली धावत जाऊ नये. शेजाऱ्याला हाक, 112 ला फोन, मग टॉर्च घेऊन दोघा-तिघांनी.

सोलर कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात: पोफळीच्या सावलीत पॅनल चार्ज होत नाही आणि हलणाऱ्या झावळ्या नि माकडं फोनवर सारखी सूचना पाठवत राहतात. लावायचाच तर गाडी जिथून वळते त्या फाट्यावर, उघड्यावर लावा. कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडणं हा उपाय नव्हे, तो गुन्हा आहे, आणि त्यात मरतो तो बहुधा मजूर, गुराखी किंवा शेजारी.

आमचं मत: केबल लांब असेल, घर पंपापासून दूर असेल आणि जागेवर सिग्नल असेल तर यंत्र घ्यावं. सिग्नल नसेल तर तोच पैसा केबल पाइपात घालून दीड-दोन फूट गाडण्यावर खर्च करा. कातळ लागला तर वरून काँक्रीट. जमिनीवरच्या टप्प्यात 4 चौरस मिलिमीटर तांब्याऐवजी 6 ची ॲल्युमिनियम केबल वापरली तर चोराला तिचं मोल राहत नाही. फक्त तांब्याशी जोडताना बायमेटल लग (दोन धातू जोडणारं टोक) वापरा, नाहीतर जॉइंट जळतो.

चोरी झालीच तर तक्रारीत एकूण किंमत लिहा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरीचं कलम 303, आणि 5,000 रुपयांहून कमी मालाची चोरी अदखलपात्र (पोलिस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत अशी) धरली जाते. नुसतं ‘केबल गेली’ असं मोघम लिहिलं तर प्रकरण तिथेच अडतं. केबलचं बिल, लांबी, जाडी, मोटारीच्या नेमप्लेटचा फोटो, अलार्मच्या कॉलची वेळ दाखवणारा स्क्रीनशॉट हे सगळं आधीपासून एका जागी ठेवा. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गाने केली तरी तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते.