साडेतीनशेचा लोखंडी तवा, चार महिन्यांनंतर

एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. डबा घरचा, भाकरी आयती. तव्याबद्दल आपल्याला काही मत असेल असं कधी वाटलंच नाही. पण लेकीच्या बाळंतपणाला ही पुण्याला गेली आणि लातुरात राहिलो मी, गॅस आणि पोरानं हौसेनं आणलेला नॉनस्टिक तवा. भाकरीला तवा कोरडा आणि सणसणीत तापलेला लागतो, आणि त्या तव्याच्या खोक्यावर लिहिलेलं की रिकामा तापवू नका. आता सांगा, कसं जमायचं ह्या दोघांचं? दोन वर्षांत त्याला चट्टे पडले होते ते वेगळंच.

औशाच्या आठवडी बाजारात एका घिसाड्याचं पाल होतं. बाई भाता हलवत होती, बुवा कुदळीला पाणी देत होता. तीन तवे टिचकी मारून बघितले. दोन बद्द वाजले, एक खणखणला, तो उचलला. चारशे म्हणाला, साडेतीनशेला दिला. घरी येताना वाण्याच्या काट्यावर ठेवला तर सव्वा किलो भरला. मधे थोडा खोलगट, कडेला ठोक्याचे वण. दांडी नाही, कान नाही, सांडशीच पाहिजे. पहिल्या आठवड्यात ते विसरून एकदा बोटं पोळली, पण त्यात तव्याचा काय दोष?

राखेनं घासला, मग अर्धा कांदा तेलात बुडवून गरम तव्यावर फिरवत राहिलो, चार दिवस. तरी पहिल्या दोन भाकरी काळ्या आल्या त्या गल्लीतल्या गाईला घातल्या. गाईनं तक्रार केली नाही.

भाकरी मी फोनवर शिकलो. स्पीकर चालू ठेवून काठवटीपुढं बसायचो आणि पुण्याहून आवाज यायचा, "अहो, आधण उकळलं का आधी? गार पाण्यात नका हो मळू." गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत नसतो, तो ह्या उकळत्या पाण्यानं आणावा लागतो, हे साठीत कळलं. दुसरं कळलं ते विरीचं, म्हणजे पीठ एकत्र धरून राहायच्या गुणाचं. दळण महिनाभर डब्यात पडलं की विरी जाते, मग भाकरी थापताना कडेनं फाटते आणि माणूस उगंच तव्याला शिव्या देतो. मी दिल्या. मालदांडी ज्वारीचं दोन-दोन किलोच दळून आणायला लागलो तेव्हा थांबलो. टाकलेल्या भाकरीवर ओला हात फिरवायचा, पाणी आटत आलं की उलटायची, आणि शेवटी आचेवर धरली की टम्म. पापुद्रा सुटतो तेव्हा आतून वाफेचा वास येतो ना, नोकरीत असताना डब्यातल्या गार भाकरीला तो कधीच नव्हता.

पण माझं खरं पोट भरतं सकाळी. रात्रीची भाकरी कुस्करायची, ह्याच तव्यावर तेल, मोहरी, लसूण ठेचून, हिरवी मिरची, मूठभर शेंगदाणे, आणि कुस्करा मंद आचेवर तळाला खरपूस धरेपर्यंत हलवायचा नाही. सराट्यानं खरवडून काढलेली ती खरपुडी आणि वरून कच्चा कांदा. दहा मिनिटांचं काम. धपाटेही निघतात, मधे भोक पाडून तेल सोडलं की अजिबात चिकटत नाहीत.

आता खोट. चिंचेचं, टोमॅटोचं काही ह्यावर करू नका, काळं पडतं आणि लोखंडाची चव उतरते. खोलगट असल्यामुळं इंडक्शनवर नीट बसत नाही, डुलतो. आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी एकदा तारेच्या घासणीनं लख्ख करून रात्रभर मोरीत ठेवला. सकाळी तांबडा. परत राख, परत कांदा, परत चार दिवस. तेव्हापासून मीच ओल्या फडक्यानं पुसतो, गॅसवर कोरडा करतो, तेलाचं बोट फिरवून ठेवतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही लातूरकर ताटं पुसून वापरत होतो, त्यामुळं न धुता ठेवायचं भांडं म्हटल्यावर मला काही शिसारी आली नाही.

रोज दोघा-चौघांची भाकरी होत असेल तर डोळे झाकून घ्या. आठवड्यातून एकदाच होत असेल तर नका घेऊ, गंज काढत बसाल.

परवा हिला फोटो पाठवला, फुगलेल्या भाकरीचा. उत्तर आलं, "येताना तवा घेऊन या, इथं लेकीकडं लागतोय." मी ते वाचलंय, निळ्या खुणाही तिला दिसल्यात. काय उत्तर द्यावं ते ठरत नाही.