हेड गॅस्केटचा संशय : प्रेशर टेस्टर, ब्लॉक टेस्टर आणि ओबीडी डोंगल काही महिने वापरल्यावर

गाडी गरम होतेय म्हटलं की गॅरेजमध्ये पहिला संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलवर जातो आणि ‘हेड उतरवल्याशिवाय कळणार नाही’ हे वाक्य पाठोपाठ येतं. बहुतेक वेळा हेड न उतरवताही कळतं. त्यासाठी लागणारी साधनं आता ऑनलाइन सहज मिळतात: कूलिंग सिस्टिमचा हातपंपाचा प्रेशर टेस्टर, पाण्यात धूर शिरलाय का ते सांगणारा निळ्या द्रावाचा ब्लॉक टेस्टर, ओबीडीचा (गाडीच्या संगणकाशी जोडायच्या पोर्टचा) ब्लूटूथ डोंगल आणि इन्फ्रारेड थर्मामीटर. छोट्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांवर चारही काही महिने वापरून झाली. गवगवा ब्लॉक टेस्टरचा जास्त. निकाल मात्र जास्त वेळा प्रेशर टेस्टरने दिला.

सुरुवात डोंगलपासून करावी. डॅशबोर्डवरची सुई बऱ्याच गाड्यांत साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंत मधोमध स्थिर राहील अशीच ठेवलेली असते. ती वर सरकते तोवर उशीर झालेला असतो. अनेक छोट्या गाड्यांत तर सुईच नाही, इंजिन थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल, एवढंच. डोंगल लावून टॉर्क किंवा कार स्कॅनरसारख्या अ‍ॅपवर कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा आकडा सतत नोंदवता येतो. निरोगी गाडीत थर्मोस्टॅट (पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. उभ्या गाडीत पंखा बहुधा ९५ ते १०० च्या दरम्यान सुरू होतो आणि पाच-सात अंश उतरवून थांबतो. आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो आणि तो तसाच दिसायला हवा.

आता बिघाड ओळखायचा. सिग्नलला आकडा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर दोष पंख्याकडे: मोटर, रिले, फ्यूज किंवा पंखा कमी वेगाने फिरवणारा रेझिस्टर. रेझिस्टर जळला की पंखा थेट मोठ्या वेगाने आणि उशिरा सुरू होतो, त्यामुळे दात उंच होतात. एसी लावल्याबरोबर पंखा फिरतो का, हे आधी बघावं. फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून दोन मिनिटांत निकाल लागतो. उलट, खंबाटकीसारख्या चढावर किंवा १००च्या वेगाला आकडा चढतो आणि गाडी उभी केली की उतरतो, तर पाण्याचा प्रवाह कमी पडतोय: तुंबलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, पात्यांची झीज झालेला वॉटर पंप, नाहीतर गॅस्केट. आकडा एकदम दहा-पंधरा अंश उसळून तितकाच झटकन खाली आला, तर सेन्सरजवळून हवेचा किंवा वाफेचा फुगा जातोय असं समजावं.

एक धोका कुठल्याच डोंगलच्या माहितीपत्रकात नसतो. कूलंट पूर्ण गेलं की सेन्सर हवेत लटकतो आणि आकडा उतरलेला दाखवतो. इंजिन भाजत असताना अ‍ॅपवर ८५ दिसू शकतं. आकडा कमी पण हीटरमधून थंड हवा येतेय, तर गाडी तिथेच बंद करावी. डोंगल पोर्टमध्ये विसरू नये हेही आलंच, उभ्या गाडीची बॅटरी ते हळूहळू पितं.

प्रेशर टेस्टर रेडिएटरच्या किंवा टाकीच्या झाकणाच्या जागी बसतो. तो थंड इंजिनावरच लावायचा, आणि याला दोन कारणं आहेत. गरम झाकण उघडलं की उकळतं पाणी अंगावर येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं कारण असं की कोमट इंजिन थंड होताना आतला दाब आपोआप उतरतो आणि गळती नसताना गळती दिसते. झाकणावर दाब छापलेला असतो: ०.९, १.१ किंवा १.४ बार, म्हणजे साधारण १३, १६ किंवा २० पीएसआय. पातळी पूर्ण भरून तेवढाच दाब द्यावा, वर जाऊ नये. जुना हीटर कोअर (केबिन तापवणारा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) जादा दाबाने फाटतो आणि मग डॅशबोर्ड खोलायची वेळ येते. दाब देऊन पंधरा मिनिटं काटा बघायचा.

काटा उतरला तर आधी टेस्टरवरच संशय घ्यावा. स्वस्त किटमध्ये अ‍ॅडाप्टरचं रबर आणि क्विक कनेक्टरची ओ-रिंग याच दोन जागा सुटतात. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात. ओ-रिंग हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मग गाडीकडे वळावं: होजच्या क्लिपा, वॉटर पंपाच्या खालचं छोटं भोक, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी आणि अ‍ॅल्युमिनियम जाळी जिथे दुमडून जोडलेली असते ती कड. डावीकडच्या सीटखालचं मॅट ओलं आणि केबिनमध्ये गोडसर वास, तर हीटर कोअर.

बाहेर थेंबही नाही आणि काटा उतरतोय, तर पाणी आत जातंय. या टप्प्यावर सेल्फ मारायची घाई करू नये. सिलिंडरमध्ये पाणी साठलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोल गाडीत कॉइल आणि प्लग काढून, इंधन पुरवठा बंद करून मगच सेल्फ द्यावा. प्लगच्या भोकातून पाण्याचा फवारा आला तर सिलिंडर सापडला. फवारा नाही आला तरी मोबाइलला जोडायचा बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा आत सोडावा; बाकी पिस्टन काजळीने काळे आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ दिसला की तोच. डिझेलमध्ये ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) काढावे लागतात, आणि जुने ग्लो प्लग जोर लावला की तुटतात. ते काम सवय असलेल्या माणसाकडेच द्यावं.

याच किटमधला झाकण तपासायचा अ‍ॅडाप्टर बरेच जण पेटीतून बाहेरही काढत नाहीत. अर्धं पाणी, अर्धं कूलंट असं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, १.१ बारच्या झाकणाखाली तेच १२५ च्या पुढे तग धरतं. झाकणाची स्प्रिंग सैल पडली की धडधाकट गाडीही घाटात पाणी फेकते आणि गॅस्केट गेल्याची सगळी लक्षणं दाखवते. झाकण बदलणं हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे, म्हणून ते आधी तपासावं.

ब्लॉक टेस्टरमधला निळा द्राव म्हणजे ब्रोमोथायमॉल ब्लू. कार्बन डायऑक्साइड लागला की तो पिवळा होतो. पेट्रोलच्या धुरात हा वायू १३ ते १५ टक्के असतो, त्यामुळे रंग स्पष्ट बदलतो. आयडलवरच्या (जागेवर, रेस न देता चालणाऱ्या) डिझेलमध्ये जादा हवा असल्याने प्रमाण फारच कमी, म्हणून हिरवट छटा आली तरी ती गंभीर धरावी आणि इंजिनवर थोडा भार देऊन पुन्हा बघावं.

पद्धत अशी: रेडिएटरच्या तोंडापासून पातळी पाच-सात सेंटिमीटर खाली आणायची, नाहीतर कूलंट नळीत ओढलं जातं आणि द्राव वाया जातो. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन तापवायचं, नळी तोंडावर घट्ट दाबून फुगा दोन मिनिटं दाबत-सोडत राहायचा, मधून २५०० आरपीएमपर्यंत रेस द्यायची. उघड्या तोंडाशी काम आहे, चेहरा लांब ठेवावा आणि पाणी उसळायला लागलं की थांबावं. चाचणीआधी सायलेन्सरच्या तोंडाशी एकदा फुगा दाबून द्राव पिवळा होतो का बघावं, कारण जुना द्राव रंगच बदलत नाही आणि निर्दोष असल्याचा खोटा दाखला देतो. नंतर मोकळी हवा खेळवली की तो पुन्हा निळा होतो. बंद गॅरेजमध्ये ही चाचणी करू नये, कोंडलेल्या धुरानेच रंग बदलतो.

पिवळ्यावर विश्वास ठेवावा, निळ्यावर ठेवू नये. थंड असताना बंद राहणारी आणि भाराखालीच उघडणारी फट आयडलला सापडत नाही. दोन सिलिंडरांमधलं गॅस्केट जळालं असेल तर वायू पाण्यात येतच नाही. तिथे कॉम्प्रेशन गेज लागतो आणि शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा आकडा पडलेला दिसतो. पाणी आणि ऑइलची वाट एक झाली असेल तरीही द्राव निळाच राहतो. तेव्हा डिपस्टिकवर दुधाळ ऑइल शोधावं. फक्त ऑइलच्या झाकणाखाली साय दिसली तर घाबरू नये. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती बाष्पाने धरते.

पिवळा म्हणजे गॅस्केटच, असंही नाही. हेडला तडा असला तरी हाच निकाल येतो. डिझेलमध्ये ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर पाण्याने थंड करणारा भाग) फुटल्यानेही धूर पाण्यात शिरू शकतो. त्यामुळे हेडला हात लावण्याआधी ईजीआर कूलरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडाव्यात आणि चाचणी पुन्हा करावी.

इन्फ्रारेड थर्मामीटरने निराशा केली. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो खूप कमी आकडा दाखवतो. काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर किंवा रबरी होजवर मोजलं तर ठीक. बोअरचं पाणी ओतून क्षार धरलेल्या रेडिएटरचे थंड पट्टे शोधायला मात्र तो चांगला. फुकटची चाचणी याहून भरवशाची: रात्रभर उभी गाडी सुरू करून मिनिटाभरात रेडिएटरचा वरचा होज हाताने दाबावा. पाणी अजून थंड असताना होज दगडासारखा कडक झाला, तर तो दाब गॅसचा आहे.

निदान पक्कं झालं आणि हेड उतरलं, तर लेथवाल्याकडे सपाटी मोजायला सांगावी. बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांत मर्यादा ०.०५ मिलिमीटरची असते. अंशांत फिरवून कसायचे बोल्ट असतील तर नवेच घालावेत, ते ताणले गेलेले असतात. फक्त गॅस्केट बदलून वाकडं हेड परत बसवलं की तेच काम पुन्हा निघतं. ‘स्टॉप लीक’ची बाटली ओतून वेळ मारून नेली, तर ती आधी हीटर कोअर बुजवते.

विकत घेताना प्रेशर टेस्टरच्या अ‍ॅडाप्टरची यादी आपल्या गाडीशी ताडून बघावी. रेडिएटरचं फिरवून बसणारं झाकण बहुतेक किटमध्ये चालतं. आट्यांच्या टाकीचा अ‍ॅडाप्टर अनेकदा वेगळा घ्यावा लागतो. एकच साधन घ्यायचं असेल तर हेच घ्यावं. ब्लॉक टेस्टर दोन-तीन मित्रांत मिळून पुरतो. द्रावाची बाटली उन्हात ठेवू नये आणि वापरलेला द्राव मूळ बाटलीत परत ओतू नये.